झडपेखालची दुसरी वाट

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज सलूनवाला दाखल झाला. वय एकतीस, स्वतःचं छोटं दुकान. जीभ दोन मिनिटं गप्प बसत नाही. मी नाडी धरली तर म्हणतो, "मॅडम, तुमचे केस टोकाला फाटलेत. बरा झालो की या, फुकट कापून देईन." त्याची बायको कॉटच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे बोट करून म्हणाला, "हिच्या वाटचंही मीच बोलतो. घरात बोलणं वाया जाऊ देत नाही आम्ही."

त्याच्या हृदयातली उजव्या बाजूची झडप जन्मापासूनच खाली घसरलेली आहे आणि आता ती फार गळते. सर्जनबाई ती उचलून जागेवर शिवणार आहेत, पुढच्या गुरुवारी. त्याआधी आमचं काम. निरोगी हृदयात वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज जायला एकच दरवाजा असतो. याच्या झडपेच्या कडेला कुठेतरी एक चोरवाट आहे. वीज दरवाजातून खाली उतरते, चोरवाटेने वर चढते आणि गोल फिरत राहते. मग ठोके दोनशेच्या वर. तो म्हणतो, "घोडा सुटतो." एकदा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असताना सुटला. गिऱ्हाइकाला काही झालं नाही, पण यानं दुसऱ्या दिवशी शटर ओढलं ते अजून उघडलेलं नाही.

ती वाट आधी शोधून जाळायला हवी. झडप शिवली की ती कड टाक्यांखाली जाते, मग तिथे पोचणं महाकठीण. आणि नुकत्याच शिवलेल्या हृदयात घोडा सुटला तर तो आवरेलच असं नाही.

तपासणी सर करणार. मी सिग्नल वाचणार. नऊ वर्षं झाली, मी अजून वाचतेच आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सर माझ्यावर नाराज आहेत, यात आता शंका नाही. उन्हाळ्यात मी त्यांना म्हटलं होतं की काही केसेस मला एकटीला करू द्या. "घाई काय आहे?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून माझ्याकडे धड बघत नाहीत. बोलतात माझ्याशी आणि नजर माझ्या कानाच्या पलीकडे, भिंतीवर. आज मीटिंगमध्ये प्रत्येक आकडा मला मोठ्याने वाचायला लावला, शाळेत पाढे म्हणून घेतात तसा. रिपोर्टही सगळे माझ्याच गळ्यात. "तू लिही, मी सही करतो."

टेक्निशियनचं मात्र चांगलं चाललंय. सरांच्या कोपराला चिकटून असतो. "सर, हे लाल डावीकडे आलं... सर, आता खाली पिवळं..." जणू सरांना रंग कळत नाहीत! चमचा एक नंबरचा.

दुपारी राउंडला सरांनी सलूनवाल्याला सगळं समजावलं, अगदी सोप्या भाषेत. हातखंडा आहे त्यांचा. ते पुढे गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "मोठे डॉक्टर फार छान बोलले हो, पण अर्धा वेळ माझ्या उशीशीच बोलत होते." मी हसले. मोठी माणसं स्वतःच्याच तंद्रीत असतात.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी सात ते दुपारी एक. पाय सुजलेत.

कॅथलॅब नेहमीसारखी गार. सलूनवाल्यावर दोन पांघरुणं, तरी दात वाजत होते, आणि दातांमधूनही बडबड चालूच. जांघेतल्या शिरेतून सरांनी तारा हृदयात नेल्या. मी काचेच्या अलीकडे पडद्यासमोर, शेजारी टेक्निशियन. उत्तेजनाचे ठोके दिले आणि घोडा सुटला. "हा बघा, हा बघा, आला!" असं तो ओरडला, कुणी ओळखीचं दिसल्यासारखा.

मग नकाशा. झडपेची कड म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची आणि तारेचं टोक तिच्यावरून फिरवत जायचं. जिथे सिग्नल सगळ्यात आधी येतो, तिथे वाट. अशा घसरलेल्या झडपेच्या कडेला सिग्नल फाटके, तुटक येतात. कुठला कप्प्याचा, कुठला वाटेचा, ओळखताना डोळे शिणतात. सर तार सरकवत होते, मी वाचत होते. सरांचा हात मात्र अजून तसाच! टोक टेकल्याचं त्यांना बोटांतच कळतं. आठ वाजण्याच्या जागेवर सिग्नल एकदम पुढे आला. "इथे, सर." त्यांनी जाळलं आणि काही सेकंदांत चोरवाट बंद. टेक्निशियननं टाळी वाजवली.

मग उलटी परीक्षा. खालच्या कप्प्याला ठोके द्यायचे आणि वीज वर कुठून चढते ते बघायचं. दरवाजातूनच चढत होती. फक्त मध्ये दोन ठोके मला वेगळे वाटले. वरचा कप्पा जरा खालून जागा झाल्यासारखा, तीनच्या जवळून. दोनच ठोके. मी माइकवर म्हटलं, "सर, एकदा परत..."

ते थांबले. काचेपलीकडून तोंड माझ्या दिशेला, नजर भलतीकडेच. "काय दिसतंय तुला?"

ज्या सुरात विचारलं! सगळ्यांसमोर. माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, सर."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं," म्हणाले आणि तारा काढल्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रात्री झोप नाही. नवरा म्हणाला, "दोन ठोक्यांसाठी माझीही झोप कशाला मोडतेस? सरांनी पाहिलंय ना?" सरांनी पाहिलंय. त्यांच्यासमोरच्या पडद्यावरही तेच होतं. त्यांना वेगळं वाटलं नाही म्हणजे नसेलच. तिथे फाटके सिग्नल फार असतात, मन मानेल ते दिसतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

फोन करून सलूनवाल्याची चौकशी केली. घोडा नाही. वॉर्डातल्या तिघांची दाढी करून झाली आहे म्हणे. नर्सनं वस्तरा जप्त केला.

मला बरं वाटायला हवं होतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

शुक्रवारचं पूर्ण रेकॉर्डिंग काढून बसले. ते दोन ठोके तर आहेतच, आधीही आहेत, विखुरलेले. ठोके देण्याचा वेग वाढला की दरवाजा दमतो आणि मग एखादा ठोका त्या दुसऱ्या वाटेने वर चढतो. म्हणजे आणखी एक वाट आहे. फक्त वर जाणारी, म्हणून साध्या ईसीजीच्या पट्टीवर कधीच न दिसणारी. आणि असून असून कुठे? मधल्या पडद्यात, खऱ्या दरवाजाच्या अगदी शेजारी.

सरांच्या खोलीत गेले. पडदे अर्धे ओढलेले. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

"सर, दुसरी वाट आहे."

"त्या हृदयात गोंगाट फार आहे. फाटक्या सिग्नलला वाट समजू नकोस."

"सर, एकदा बघा तरी."

"मी पाहिलंय."

मान वळवलीसुद्धा नाही. हातातला पेन फिरवत बसले. नऊ वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली राबले, त्याला माझं काम डोळ्यांखालून घालायचीही तसदी नको. मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर पडले. जिन्यात उभी राहून रडले. वय वर्षं सदतीस.

मंगळवार, ११ नोव्हेंबर



सकाळी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन एकटाच एप्रन टांगत होता. कालचा राग माझ्या नाकावर होताच. म्हटलं, "तुमचं सर ऐकतात. त्यांची हांजी हांजी करून झाली असेल तर त्यांना एवढं सांगा, की माझं रेकॉर्डिंग एकदा बघा."

त्यानं दार लावून घेतलं. "मॅडम, मी हांजी हांजी करत नाही. मी सरांना सांगतो, कारण सरांना दिसत नाही."

मला वाटलं, टोमणा आहे.

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. तुमचा चेहरा बघायचा तर त्यांना तुमच्या कानापलीकडे बघावं लागतं."

मी स्टुलावर बसले. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून वाढलंय."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्ही सगळं एवढं मोठ्यानं, स्पष्ट वाचून दाखवता. वाटलं, तुम्हीही सांभाळून घेताय."

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता आत नेलं. सर खिडकीशी बसले होते.

"कोण?"

"मी, सर."

मी समोर बसले. मग मी विचारलं, "सर, शुक्रवारी पडद्यावर तुम्हाला काय दिसत होतं?"

ते हसले, पण तोंड वाकडं झालं. "धुकं. कडेला चार रेषा. पण हात आहेत, कान आहेत, तू आहेस. मला वाटलं, एवढ्यावर निभेल."

"तुम्ही मला सांगायचं होतं."

"मी विचारलं होतं तुला." आवाज एकदम चढला. "काय दिसतंय तुला, असं विचारलं. तू म्हणालीस, काही नाही."

मला वाटलं, कुणीतरी कानाखाली वाजवली. तो प्रश्न होता. खरोखरचा प्रश्न होता.

"मला वाटलं तुम्ही टाकून बोलताय."

"तुला उभं केलं मी. तुला टाकून कशाला बोलेन?"

"सर, गुरुवारी त्याची छाती उघडणार आहेत. दुसरी वाट आहे. आणि हे सगळं आता सांगावं लागेल, सर्जनबाईंना, संचालकांना."

"ही एक केस होऊ दे. त्याची वाट तू शोध, मी बाजूला उभा राहतो. मग महिनाअखेरीला मी आपणहून सुटीवर जातो. कुणाला काही कळायचं कारण नाही."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

हो म्हणणं किती सोपं होतं. सगळं झाकलं गेलं असतं, माझं 'काही नाही'सुद्धा.

"नाही, सर," मी म्हटलं. "सकाळपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल."

"ऊठ," ते म्हणाले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आठ वाजता त्यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग चौथ्या मजल्यावर सर्जनबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं.

त्या हातातला चहाचा कप तसाच धरून ऐकत होत्या. पहिला प्रश्न सरांबद्दल नव्हता. "तू शुक्रवारी का नाही बोललीस?"

"धीर झाला नाही."

"माझ्या टाक्यांखाली गेलेली वाट तुला नंतर सापडली नसती, एवढं कळतंय ना?" मग फोन उचलून गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकललं. "शुक्रवारी तू कर. एकटीनं."

दुपारी संचालकांचं बोलावणं आलं. सर सकाळी आठ वाजताच काकूंचा हात धरून त्यांच्याकडे गेले होते आणि सगळं स्वतः सांगून मोकळे झाले होते. म्हणजे आम्ही दोघं एकाच वेळी दोन वेगळ्या मजल्यांवर तेच सांगत होतो. आता हे त्यांना कसं पटवू? त्यांच्या लेखी मी त्यांची वाटही न बघता चहाडी केली.

सलूनवाल्याला म्हटलं, "एक वाट आमच्याकडून सुटली आहे. ती परत शोधावी लागेल."

"सुटली? म्हणजे झाडताना कोपरा राहावा तशी?"

"तशीच."

"आणि पुन्हा त्या गार खोलीत?"

"हो. आणि या वेळी धोका जास्त आहे. ही वाट खऱ्या दरवाजाला लागून आहे. दरवाजालाच धक्का लागला तर जन्मभर पेसमेकर."

तो गप्प झाला. खरंच गप्प. त्याच्या बायकोनं माझ्याकडे इतका वेळ टक लावून पाहिलं की मीच नजर काढली. कशी सुटली, ते मी सांगितलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

थोडक्यात लिहावं म्हणत होते, पण जमणार नाही.

आज काचेच्या पलीकडे मी होते. शिशाचा एप्रन, हातात तार. पडद्यासमोर टेक्निशियन आणि दुसऱ्या युनिटमधली एक डॉक्टर. घोडा सुटेना! ज्याच्या भीतीनं माणसानं दुकान बंद केलं, तो आज आम्हाला हवा होता आणि तो ठाणबंद. औषध चढवलं. वेग बदलून ठोके दिले. तास गेला. सलूनवाला गुंगीत पुटपुटला, "पाव्हणे आले की आमचं पोरगंही असंच शहाण्यासारखं वागतं."

मग सुटला. मी टोक मधल्या पडद्यावर फिरवू लागले. सिग्नल किती मिलिसेकंद आधी येतो, ते टेक्निशियन वाचत होता, "दहा... पंधरा... पंचवीस, मॅडम, पुढे येतोय... मागे गेला." श्वासाबरोबर टोक हलत होतं. माझी बोटं घामेजली, हातमोज्यात घसरायला लागली. पुन्हा. पुन्हा. तीनच्या किंचित खाली सिग्नल सगळ्यांच्या आधी आला, अगदी स्वच्छ. मी टोक तिथेच धरून ठेवलं.

इथे जाळायची छाती नव्हती. जाळलं की परतीची सोय नाही. म्हणून गोठवायचं. आधी थोडं गार करून बघायचं, दरवाजा बिचकला तर लगेच सोडायचं, म्हणजे तो परत जागा होतो.

"थंड करा."

उणे दहा. उणे वीस. "मॅडम, दरवाजा मंदावतोय." एक ठोका लांबला. पुढचा आणखी लांबला. त्याच्यापुढचा आलाच नाही.

"सोडा!"

पडद्यावर सपाट रेघ, किती लांब होती कुणास ठाऊक. सलूनवाल्याचे डोळे अर्धवट उघडे होते. मनात आलं, त्या दिवशी एक वाक्य बोलले असते तर आज या माणसाचं हृदय माझ्या हातात असं थांबलं नसतं. मग एक ठोका. दुसरा. टेक्निशियनचा आवाज, "आला, मॅडम. दरवाजा आला."

मी सगळ्यांना सांगितलं, "मला दोन मिनिटं हवीत." कुणी हसलं नाही. मग टोक केसभर खाली सरकवलं आणि पुन्हा थंड करायला सांगितलं. दरवाजा जागचा हलला नाही. चोरवाट तुटली. पूर्ण गोठवली. अर्धा तास थांबलो, औषध दिलं, वरून ठोके, खालून ठोके.

"कुणाला काही वेगळं दिसतंय?" मी विचारलं.

त्या डॉक्टरनं एक जागा परत पाहायला लावली. पाहिली. काही नव्हतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सरांना फोन. काकूंनी उचलला. "झोपलेत," म्हणाल्या. मागे रेडिओ चालू होता आणि कुणीतरी तो बारीक केला. मी सांगितलं, "वाट सापडली. दरवाजा शाबूत आहे." काकू मोठ्याने म्हणाल्या, "वाट सापडली, दरवाजा शाबूत." मग फोन ठेवला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ऑपरेशन सहा तास चाललं. त्याची बायको बाहेरच्या बाकावर, मांडीवर तीच पिशवी. मी शेजारी जाऊन बसले. तिनं जागा दिली पण बोलली नाही. सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या. "झडप छान बसली. ठोका सरळ आहे." तेव्हा ती बाई माझ्या खांद्यावर कोसळली आणि लगेच सावरून बाजूला झाली, चुकून परक्याला धक्का लागावा तशी.

बुधवार, २६ नोव्हेंबर

उद्या सलूनवाला घरी जाणार. आठवडाभर घोडा नाही. आवाज अजून बसका आहे, त्यामुळे बडबड कुजबुजीत चालते.

चारच्या सुमारास वॉर्डाच्या दारात सर दिसले. एकटेच, भिंतीला हात लावत येत होते. काकू खाली गाडीत होत्या म्हणे. माझ्याशी बोलले नाहीत. नर्सला कॉट विचारून तिथे गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "पहिल्या तपासणीला मला नीट दिसत नव्हतं. माझे डोळे गेलेत. हे मला माहीत होतं आणि मी लपवलं. तुमची दुसरी वाट त्यामुळे राहिली. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवं, म्हणून आलो."

सलूनवाल्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. बोलली ती त्याची बायको. तिचा आवाज मी धड पहिल्यांदाच ऐकला.

"म्हणजे ह्यांच्या काळजात तारा घालून कुणी बघतच नव्हतं?"

"मी बघत होते," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं कळलं नाही. "मला ती वाट त्याच दिवशी दिसली होती. मी बोलले नाही."

"का?"

"घाबरले."

"कुणाला?"

मी सरांकडे पाहिलं. ती समजली. आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाली, "आमचे हे बडबडून डोकं उठवतात. मी म्हणते, कधीतरी गप्प बसा. पण तुमच्यासारखं गप्प बसण्यापेक्षा हे बरं." पिशवी कॉटवर ठेवली. "मी तक्रार करणार आहे. दोघांची. औषधपाण्याचे उपकार आहेत, ते आहेतच. पण करणार आहे."

"करा," सर म्हणाले.

"करा," मीही म्हटलं.

सलूनवाला तिच्याकडे असा बघत होता, जणू कॉटशेजारी कुणी दुसरीच बाई येऊन बसली आहे.

आम्ही बाहेर आलो. लिफ्ट बंद होती, दुरुस्तीची पाटी लावलेली. जिन्यापाशी सर थांबले. पाय पुढे घालून चाचपला, मागे घेतला. मी दोन हात लांब उभी. हात धरू का, विचारायचीही सोय राहिली नव्हती.

ते म्हणाले, "संचालकांकडे मी आठला गेलो होतो."

"मी पण आठलाच गेले, सर. चौथ्या मजल्यावर."

"हं." नजर माझ्या कानापलीकडे. म्हणजे माझ्या चेहऱ्यावर. "शहाणी आहेस. उशिरा, पण आहेस."

मग त्यांनी कोपर माझ्या बाजूला केलं.

"पायऱ्या सांग."

मी कोपर धरलं आणि पहिली पायरी सांगितली.